पोकळ त्रिशूळ देवाले चालत नाही

मानेवाडा भागात माझं ग्रील-गेटचं दुकान आहे. एकोणीस वर्षं झाली. खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचे कठडे, चॅनल गेट, कूलरचे स्टँड (नागपुरात आमच्यासारख्यांचे मार्च-एप्रिल कूलरच्या स्टँडवरच निघतात) आणि माघ लागला की त्रिशूळ. महाशिवरात्रीच्या वीस-पंचवीस दिवस आधीपासून माणसं यायला लागतात. कोणाला हातभर पाहिजे, कोणाला पुरुषभर. ‘मोठ्या महादेवाले न्याचा हाय’ एवढं म्हटलं की पुढे विचारायचं काही उरत नाही. मोठा महादेव म्हणजे मध्य प्रदेशातलं पचमढी, आणि त्रिशूळ न्यायचा म्हणजे तिथल्या चौरागडावर, डोंगरमाथ्यावरच्या महादेवाला नवसाचा वाहायला.

आजवर दोनशेच्या वर बनवले असतील. त्यातला एकही मी वर नेला नव्हता. देव मानतो, पण चढ मानत नाही, असं मी हसत सांगायचो. वय 46, वजन 84, आणि रोजची चढाई म्हणजे परांचीवर दुसऱ्या मजल्यापर्यंत. कोणी म्हणालंच की भाऊ एकदा चला, तर माझं उत्तर तयार: सीझन आहे, दुकान कोण पाहणार.

यंदा काकाजी आले. आमच्या वस्तीतलेच. एम्प्रेस कापड मिल सुरू होती तेव्हा तिथे साच्यावर, म्हणजे मागावर होते, आता बहात्तरचे आहेत. मुलाला लग्नानंतर आठ वर्षांनी मुलगी झाली, त्याचा नवस होता. सात फुटी त्रिशूळ, पंचवीस एमएमच्या सॉलिड बारचा.

मी त्यांना हिशेब करून दाखवला. आमच्या धंद्यात गोल बारचं वजन काढायचं सोपं सूत्र आहे. व्यासाचा वर्ग करा, 162 नं भागा, एका मीटरचे किलो येतात. पंचवीस गुणिले पंचवीस म्हणजे 625, भागिले 162, म्हणजे मीटरला पावणेचार किलोच्या वर. साडेपाच फुटांचा दांडा झाला साडेसहा किलोचा, वरचा फाळ आणि डमरू धरून अडीच. नऊ किलो. तेच सोळा गेजचा, म्हणजे पातळ पत्र्याचा पोकळ पाईप वापरला तर दांडा दीड किलोत होतो आणि सगळा त्रिशूळ चार किलोत बसतो.

“दिसाले सारखाच दिसते काकाजी. रंग मारला का कोणाले समजत नाई.”

“मले समजते ना,” काकाजी म्हणाले. “पोकळ त्रिशूळ देवाले चालत नाही.”

“पण तुमच्या खांद्याले चालते.”

ते हसले नाहीत. मी निमूटपणे सॉलिड बारचे पैसे सांगितले आणि दुसऱ्या दिवशी इतवारीच्या लोहाओळीतून माल आणला.

त्रिशूळ तयार झाला तेव्हा कळलं की मुलाची सुट्टी रद्द झाली आहे आणि काकाजी एकटेच निघणार आहेत. बहात्तराव्या वर्षी, नऊ किलो घेऊन, तेराशेच्या वर पायऱ्या. आमचं घर दुकानाच्या मागेच आहे. बायको दारात उभी राहून ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, “तुमीच जा ना संग. दरसाल बनवता तर.” मी पुन्हा सीझनचं तोंड उघडलं, तर म्हणाली, दुकान मी पाहते. पाहतेच ती. उधारी तर माझ्यापेक्षा चांगली वसूल करते.

पंधरा दिवस हातात होते. दोन रविवार रामटेकला गेलो. अंबाळ्याच्या बाजूनं गडावर पायऱ्या आहेत, त्यांवर सराव. पहिल्या रविवारी वाटेत तर्री-पोहे खाऊन चढलो आणि अर्ध्या वाटेवर जी तर्री गळ्याशी आली, ती घरी परतेपर्यंत तिथेच होती. दुसऱ्या रविवारी नुसता चहा आणि मूठभर फल्लीदाणे. दम लागला, पण निदान माणसात राहिलो.

सोबत भाचा आला. पॉलिटेक्निकला आहे, एकवीस वर्षांचा, आणि जिममध्ये जातो. त्याचं म्हणणं होतं, मामा तुम्ही दोघं नुसते चालत या, त्रिशूळ मी नेतो.

सात फुटी त्रिशूळ कुठल्याही गाडीत आत मावत नाही. मित्राची व्हॅन घेतली, टपावरच्या कॅरिअरला तो बांधला आणि मागे निघालेल्या टोकाला लाल चिंधी लावली, सळाखा नेतात तशी. पहाटे चारला निघालो. सावनेर, मग मध्य प्रदेश लागतो, मग सौंसर. सौंसरला चहावाला आपल्यासारखंच मराठी बोलतो, त्यामुळे राज्य बदललं हे फक्त पेट्रोलच्या भावावरून कळतं. जामसावळीच्या झोपलेल्या हनुमानाला बाहेरूनच हात जोडले. पुढे सिल्लेवानीचा घाट, छिंदवाडा, परासिया, तामिया. काकाजी मागच्या सीटवर बसून सांगत होते, त्यांच्या लहानपणी वडील जुन्नारदेवला उतरायचे आणि तिथल्या ‘पहिल्या पायरी’पासून डोंगर तुडवत पायी जायचे. तेव्हा महादेवाला जाणं म्हणजे घरच्यांचा निरोप घेऊन जाणं असायचं. मटकुलीला देनवा नदी ओलांडली की रस्ता जो वळणं घ्यायला लागतो, तो पचमढी येईपर्यंत सरळ होत नाही. भाच्याची जिम इथेच संपली. दोनदा गाडी थांबवावी लागली.

पचमढी आणि नागपूरचं नातं मला फार गमतीचं वाटतं. इंग्रजांच्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर. उन्हाळा सुरू झाला की साहेब लोक फायली बांधून पचमढीला जायचे, कारण ती उन्हाळी राजधानी. तिथे कॅप्टन फोर्सिथचा बंगला आहे, 1862 चा, बायसन लॉज. फोर्सिथनं पचमढी ‘शोधली’ असं पाट्यांवरही असतं. कोरकू आणि गोंड तिथे राहतच होते, त्यांना कोणी शोधायला सांगितलं नव्हतं. असो. साहेब गारव्यासाठी वर जायचे आणि आमचे लोक भर उन्हातून, अनवाणी, लोखंड घेऊन.

रात्री गावातच मुक्काम केला. तिथून महादेवाची गुहा दहा-एक किलोमीटर. पहाटे पाचला जीपनं तिकडे गेलो. मेळ्याचे सुरुवातीचे दिवस होते, त्यामुळे गर्दी होती पण रेटारेटी नव्हती. गुहेत छतातून थेंब-थेंब पाणी गळतं, बाराही महिने. त्या थेंबांखाली काकाजींनी त्रिशूळ धरला, कुंकू लावलं. शेजारी गुप्त महादेवाची कपार आहे, तिच्यात अंग तिरकं करून शिरावं लागतं. तिथे मी शिरलो नाही. पोटाचा विचार केला.

सहाला चालायला लागलो. इथून वरपर्यंत साडेतीन-चार किलोमीटर.

त्रिशूळ आधी मी घेतला. माझाच माल, मीच घेणार. हातात घेताक्षणी पहिली गोष्ट समजली ती म्हणजे फेब्रुवारीतल्या पहाटे पचमढीला लोखंड किती गार असतं. बोटं बधिर झाली. खांद्यावर टाकला, तर शर्टातून बर्फाची लादी ठेवल्यासारखं. दुसरी गोष्ट शंभर पावलांवर समजली. फाळ जिथे दांड्याला जोडतो तिथे मी एक कॉलर बसवतो. बाहेरून तिला ग्राइंडर मारून चकाचक करतो, आतल्या बाजूला बर राहते, धातूची ती कुसळासारखी धार. एवढ्या आत कोण हात घालते, असं म्हणून एकोणीस वर्षं मी ती तशीच सोडली आहे. तर हात तिथेच जातो. सात फुटी वस्तू खांद्यावर तोलायची तर पंजा फाळाच्या गळ्याशीच लागतो. अंगठ्याच्या मुळाशी कापलं. रक्त फार नाही, पण घाम लागला की झोंबायचं, आणि घाम तर दिवसभर होता.

तोलाचंही तसंच. दुकानात मी त्रिशूळ भिंतीला टेकवून ठेवतो, गिऱ्हाईक येतं, दोन्ही हातांनी उचलतं, कपाळाला लावतं आणि नेतं. चढावर तो कसा वागतो हे मी कधी पाहिलंच नव्हतं. फाळ मागे ठेवला तर तो फांद्यांत अडकतो आणि मागच्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर येतो. एक बाई ओरडलीच, “ओ भाऊ, डोळे फोडता का?” फाळ पुढे घेतला तर समोरची पायरी दिसत नाही. दोघांनी दोन टोकं धरली तर खालच्यावर सगळं वजन येतं. भाचा खालच्या टोकाला होता. दहा मिनिटांत म्हणाला, मामा, तुम्ही सोडून दिला का?

वाट आधी बरीच सोपी असते. जंगलातून, डोंगराच्या कडेकडेनं. मधे उतारही लागतो, आणि उतरताना आनंद व्हायच्या ऐवजी राग येतो, कारण जेवढं उतरलो तेवढं पुन्हा चढायचं आहे. सालाची उंच झाडं, जांभूळ, आवळा. एका झाडावर शेकरू दिसलं, भलं लांब शेपूट सोडून बसलेलं. महाराष्ट्राचा राज्यप्राणी मी आयुष्यात पहिल्यांदा मध्य प्रदेशात पाहिला. इथला दगडही आपला नाही. सेमिनरी हिल्सला जो काळा, कठीण दगड असतो तसा नाही, हा वालुकाश्म, पिवळट-तांबूस. तळहात घासला की वाळूचे कण हाताला लागतात. ग्राइंडरच्या दगडासारखा. हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

आम्हा दोघांचे हाल पाहून काकाजी थांबले. खिशातून एक सुती पट्टी काढली, हिरवी, विरलेली. काकूंच्या जुन्या लुगड्याची. काकूंना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांनी ती पट्टी दांड्याला, साधारण छातीच्या उंचीवर, घट्ट गुंडाळली, शेवटी गाठ मारली आणि म्हणाले, “आता खांद्यावर घेऊच नको. उभा धर. टेकव आन् चढ.”

म्हणजे काठीसारखा. पुढच्या पायरीवर दांड्याचं बूड टेकवायचं, दोन्ही हातांनी पट्टीशी धरायचं, अंग वर ओढायचं. वजन दांड्याचं दगडावर जातं, आपल्यावर येत नाही. एका पायरीपुरतं उचलायचं, की पुन्हा दगडावर. मी करून पाहिलं. एकदम वेगळीच वस्तू झाली ती. आत्तापर्यंत मी तिला वाहत होतो, आता ती मला धरून होती.

पण इथे माझी तिसरी चूक उघडी पडली. त्रिशुळाच्या बुडाला मी टोक काढतो. भाल्यासारखं, ग्राइंडरवर घासून. गिऱ्हाइकाला आवडतं, जमिनीत रोवता येतो. दगडी पायरीवर हे टोक घसरतं. टेकवला, अंग टाकलं की सर्र्र करत कडेला. दोनदा मी गुडघ्यावर आलो. काकाजी म्हणाले, “हे टोक कायले काढते तू? वर का माती हाय?” मी काय सांगणार. एकोणीस वर्षांत वर काय आहे हे पाहिलंच नव्हतं.

पायऱ्या सुरू झाल्या की सगळ्यांचं बोलणं बंद होतं. तेराशेच्या वर आहेत. मोजायला सुरुवात केली होती, दोनशे चाळीसला नाद सोडला. एक पायरी वीतभर, दुसरी गुडघ्याएवढी, तिसरी अर्धी तुटलेली, त्यामुळे पायाला लय सापडत नाही. भाचा पहिल्या शंभर पायऱ्या धावत गेला आणि पुढे एका दगडावर मान खाली घालून बसलेला सापडला. आम्ही त्याच्या शेजारून हळूहळू पुढे गेलो. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

काकाजींची पद्धत अशी होती. पन्नास पायऱ्या, मग उभ्या उभ्या वीस श्वास. बसायचं नाही. बसलं की मांड्या आखडतात आणि पुन्हा उठताना दुप्पट जोर लागतो. पाणी दोन घोट, तहान लागायच्या आधी. आणि गजर. एकानं म्हणायचं ‘एक नमन गौरा पार्वती’, बाकीच्यांनी ‘हर बोला हर हर महादेव’. मी आधी समजत होतो हा भक्तीचा भाग आहे. आहेच, पण त्यात दुसरंही काम होतं. दम इतका लागला की गजर पुरा म्हणता येत नाही, तेव्हा समजायचं की वेग जास्त झाला, थांबा. छाती कशी चालली आहे हे सांगणारं एवढं नेमकं मीटर भाच्याच्या मनगटावरच्या घड्याळातही नव्हतं. ते घड्याळ तर घामानं बंद पडलं होतं.

वाटेत बारा-चौदा जणांचा एक जथा भेटला, अमरावतीकडचा. त्यांचा त्रिशूळ इतका मोठा की दोरखंड बांधून ओढत-उचलत नेत होते. पुढचे दोर खेचायचे, मागचे खांदा द्यायचे, एक म्हातारा नुसता गजर द्यायचा. मी थांबून जोड पाहिले. दांडा सहा इंची पाईपचा असावा, जोडाला पट्ट्या मारल्या होत्या, काम चांगलं होतं. त्यातल्या एकानं मला विचारलं, “भगत, कुठले?” नागपूर म्हटलं. “हा बी नागपूरलेच बनवला,” तो म्हणाला. माझ्याकडे नाही, पण उगाच छाती फुगली.

साधारण हजाराव्या पायरीच्या आसपास असू, संत्री काढली. मृग बहाराची, घरून आणलेली, गार. नऊ किलो लोखंडामागे चार किलो संत्री मी भाच्याच्या पाठीवर घातली होती आणि सकाळपासून तो कुरकुरत होता. तोच आता तीन खाऊन चौथं सोलायला लागला, तेवढ्यात माकडानं ते हातातून नेलं. सोलायच्या आधीच नेलं असतं तर एवढं वाईट वाटलं नसतं, असं तो म्हणाला. पुढे मग ऊन चढलं. पहाटे बर्फ झालेला दांडा आता तापायला लागला, लुगड्याच्या पट्टीबाहेर हात गेला की चटका. एका दिवसात त्याच लोखंडानं दोन्ही करून दाखवलं.

शेवटच्या टप्प्यात काय झालं ते मला नीट आठवत नाही. पायरी, बूड टेकव, ओढ. पायरी, टेकव, ओढ. काकाजी माझ्या पुढे होते, त्यांच्या टाचा तेवढ्या दिसायच्या, भेगाळलेल्या, अनवाणी. त्यांनी त्रिशूळ मागितला तेव्हा वर मंदिराची घंटा ऐकू येत होती. शेवटच्या पन्नास-साठ पायऱ्या त्यांनी स्वतः नेला. गजर एकट्यानंच म्हटला, दोन्ही बाजूंचा.

सव्वा तीन तास लागले.

वर वारा होता. चौफेर सातपुडा, एकामागे एक निळ्या होत जाणाऱ्या रांगा, मधे खोल दऱ्या, आणि समोर धूपगड. धूपगड सातपुड्यातलं सगळ्यात उंच शिखर, 1,352 मीटर. चौरागड त्याहून थोडासाच कमी. पण धूपगडावर जीप जाते, त्यामुळे तिथे लोक सूर्यास्त पाहायला जातात, नवस फेडायला कोणी जात नाही.

दर्शन झालं. मग मी त्रिशुळांकडे गेलो.

फोटोत पाहिलेले होते. प्रत्यक्षात ते जंगल आहे. मंदिराभोवती हजारो त्रिशूळ, उभे, आडवे, एकमेकांत गुंतलेले, कठड्याला टेकवलेले, ढिगानं पडलेले. काही बोटाएवढे, काही दोन माणसांएवढे. लाल, केशरी, चंदेरी, आणि जुने सगळे गंजाच्या एकाच रंगाचे. इतर लोक देव पाहत होते, मी वेल्डिंग पाहत होतो. भाचा म्हणाला, मामा, चला ना. मी म्हटलं, थांब.

सगळ्यात जुने होते ते भट्टीवरचे, लोहारानं घणानं ठोकलेले. त्यांना जोड दिसतच नाही, फाळ दांड्यातूनच फुटल्यासारखा निघतो. गंजलेत, पण ताठ उभे आहेत. मग आमच्या काळातले. मी डमरू बनवतो तो पाईपचे दोन रिड्यूसर, म्हणजे निमुळते जोडतुकडे, पाठीला पाठ लावून. तसा डमरू असलेला एक दिसला, ढिगात खाली दबलेला. वाकून पाहिला. वेल्डिंगचा टाका जाड होता, एका बाजूला धातू खाल्लेला, करंट जास्त ठेवून घाईत मारलेला. माझाच असेल असं नाही. रिड्यूसरचा डमरू नागपुरात आणखी चौघं तरी बनवतात. पण टाका पाहून मला माझ्या सुरुवातीच्या दोन वर्षांची आठवण झाली, एवढं खरं.

त्याचा दांडा पाईपचा होता. बुडापासून वीतभर वर तो फाटला होता, उकललेल्या शेंगेसारखा. हात लावला तर पापुद्रे निघाले. शेजारचा पाहिला, तोही पाईपचा, तसाच. तिसरा वाकून पडलेला. मी मग शोधतच सुटलो. बाहेरून आपण रेड ऑक्साइड मारतो, वर रंग मारतो, पण पाईपच्या आत ब्रश जात नाही. वरून जोडातल्या बारीक भोकातून पाणी शिरतं, बुडाशी साठतं. पचमढीचा पाऊस नागपूरपेक्षा कितीतरी जास्त. दोन-चार पावसाळ्यांत आतून खाऊन टाकतं, आणि बाहेरचा रंग मात्र शेवटपर्यंत ताजा दिसत राहतो. सॉलिड बारचे गंजले होते, खवले धरले होते, पण उभे होते.

काकाजी मागे येऊन उभे राहिले. मी तो फाटलेला दांडा दाखवला. ते ‘पाय, सांगितलं होतं ना’ असं म्हणतील म्हणून मी वाट पाहत होतो. ते म्हणाले, “कोणाचा असन बिचाऱ्याचा,” आणि तो ढिगातून ओढून काढून भिंतीला टेकवला.

त्यांचा स्वतःचा त्रिशूळ कठड्याच्या कोपऱ्यात, वाऱ्यानं हलणार नाही अशा जागी ठेवला. बुडाचं टोक मी पाहिलं. वालुकाश्मानं वरपर्यंत येता येता घासून ते बोथट करून टाकलं होतं, शेवटी शेवटी घसरत नव्हतं ते त्यामुळेच. मग काकाजींनी लुगड्याची पट्टी सोडली. मला वाटलं, ठेवतील तिथेच. त्यांनी तिची नीट घडी केली आणि खिशात ठेवली.

उतरायला दोन तास लागले आणि तेच जास्त जड गेले. चढताना छाती बोलते, उतरताना गुडघे. काकाजींनी सांगितलं तसं तिरकं, एक पाय आडवा टाकून उतरत होतो, तरी शेवटच्या तीनशे पायऱ्यांना मांड्या शिवणयंत्रासारख्या थरथरायला लागल्या. पायाची नखं कापून गेलो नव्हतो. दर पायरीला अंगठा बुटाच्या नाकावर आदळायचा. नागपूरला आल्यावर पाहिलं, दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी. एक नंतर गळून पडलं. काकाजी अनवाणी होते, त्यांना काही झालं नाही. खाली टपरीवर तिघांनी न बोलता पाच कप चहा प्यायला. पाचवा कोणाचा यावर भाचा अजून वाद घालतो.

दुसऱ्या दिवशी दुकानात पाय दुमडून खाली बसता येईना, तर बायकोनं स्टूल आणून दिलं आणि वर हसलीही. शिवरात्रीला नऊ दिवस होते, हातात सहा ऑर्डरी. मी सगळ्यात आधी तयार पडलेले तीन त्रिशूळ खाली घेतले आणि कॉलरच्या आतल्या बाजूला अर्धगोल कानस मारली. मग बुडाची टोकं कापली आणि सपाट केली. मेडिकलमध्ये म्हाताऱ्यांच्या काठीला लावायचं रबरी बूड मिळतं, ते डझनभर आणलं. वर पोचल्यावर काढून घ्यायचं. कामावरचा पोरगा म्हणाला, भाऊ, टोक नसलं तर गिऱ्हाईक घेणार नाई. मी म्हटलं, सांग त्याले, वर माती नाई.

पंचवीसऐवजी वीस एमएमचा बार वापरला तर साडेपाच फुटांना सव्वाचार किलोच्या आत बसतो. सव्वादोन किलो कमी, आणि सॉलिडचा सॉलिड. हा हिशेब मला काकाजींसमोर सुचायला हवा होता.

शिवरात्रीच्या चार दिवस आधी एक जण आला. तिशीतला, मोटरसायकल चालूच ठेवून बोलत होता. सहा फुटी पाहिजे, परवा निघायचं आहे, आणि वजन नको. “पाईपचाच बनवा भाऊ. वर गेल्यावर कोण पाहते?”

“पोकळ त्रिशूळ देवाले चालत नाही,” मी म्हटलं.

आतून बायकोचा हसण्याचा आवाज आला. त्यानं गाडी बंद केली. “मंग?”

“वीस एमएमचा घे. आन् हात दाखव पाहू, मूठ केवढी हाय तुई.”